गोधडीचं दुसरं टोक

दसरा काढायचा होता. म्हणजे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं. खानदेश सोडून सुरतेत आमचं आयुष्य गेलं, पण हे माझ्या बायकोने एका वर्षीही चुकवलं नाही. गावाला नदी होती. इथे बमरोलीत बिल्डिंगची गच्ची आणि टाकीचा नळ. तिथे बसून ती गोधड्या मोगरीने बडवायची. मोगरी म्हणजे कपडे बडवायचं लाकूड, पुढून चपटं, मागे मूठ. ती बडवायला बसली की गच्चीवर दुसरं कोणी थांबत नसे. जन्माचा सूड उगवल्यासारखी मारायची. मळ जीव घेऊन पळायचा.

मोठी गोधडी शेवटी घेतली. तिच्याच जुन्या लुगड्यांची, तिनेच टाके घातलेली. ओली झाली की मेलेल्या जनावरासारखी जड. ती पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. समोरासमोर उभं राहायचं आणि पिळायचं. मी दर वर्षी उलटं फिरवायचो. मग तिने घातलेला पीळ माझ्या हाताने सुटायचा.

"ओ, तुम्ही पिळी ऱ्हायनात का सोडी ऱ्हायनात?"

"हात दुखी ऱ्हायना!"

"लूमवर नही दुखना कधी? आणि वरडू नका. मी बहिरी नही शे. तुम्ही शेतस."

ते खरं आहे. मी बहिरा आहे. पूर्ण नाही, पण माणसाचा आवाज मला भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. जवानीत थोडे दिवस रंगाच्या मिलमध्ये काढले, बाकी सगळं आयुष्य लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात. तिथे शेकडो लूम एकदम आपटतात. सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे मारला जातो, तिकडून इकडे मारला जातो, दिवसभर नुसती मारामारी. कान त्यातच मेले. मी मोठ्याने बोलतो ते त्यामुळे. नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटायचं म्हातारा बायकोला झोडतोय. मी फक्त मीठ मागत असायचो.

कारखान्यात कोणी कोणाला हाक मारत नाही. ओठ बघून बोलणं कळतं. आणि माणूस लांब असला तर लोखंडाच्या दांड्याने लूमच्या पायावर ठोकायचं. तो ठोका जमिनीतून चालत येतो आणि तळपायाला कळतो. आमचे सगळे कारीगर पायाने ऐकतात. हे मी तिला लग्नानंतर सांगितलं आणि ती शिकली. घरात मला बोलवायचं असलं की ती मोगरी फरशीवर आपटायची. दोन ठोके. दोन ठोके म्हणजे इकडे या. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. ती गच्चीवर असली तरी तिचे दोन ठोके स्लॅबमधून, भिंतीतून उतरून माझ्या लोखंडी खाटेच्या पायात यायचे. मी वर जायचो.

त्या दिवशी गोधडी पिळली, दोघांनी मिळून तारेवर टाकली. ती म्हणाली, "तुम्ही जा खाली. उशांचे अभ्रे राहिलेत, ते मी करते." मी खाली येऊन खाटेवर पडलो. हात खरंच दुखत होते.

एक ठोका आला.

मी दुसऱ्याची वाट बघितली. तो आला नाही. मला वाटलं मोगरी हातातून सुटली असेल. मी कूस बदलली.

मोगरी नव्हती. ती होती.

खालच्या मजल्यावरचे गुजराती भाई धावत आले आणि त्यांनी मला हाताला धरून ओढत वर नेलं, तेव्हा नळ चालूच होता आणि पाणी तिच्या केसांवरून वाहत होतं. डॉक्टर म्हणाला, पडायच्या आधीच गेली, काका तुम्ही शेजारी उभे असता तरी काही झालं नसतं. मी त्याची कॉलर धरली. म्हणालो, मग मी शेजारी उभा का नव्हतो, ते सांग. तीन माणसांनी माझी बोटं त्याच्या कॉलरमधून सोडवली.

माझ्या हातात तेव्हा जे शिरलं ते वर्षभर निघालं नाही. लोकांना रडू येतं. मला मारू वाटायचं. कशालाही, कोणालाही. लूमवर कधी कधी धोटा आपली वाट सोडून उडतो. लोखंडाच्या टोकाचं लाकूड, बंदुकीच्या गोळीसारखं जातं. समोर कोण आहे ते बघत नाही. माझ्यासमोर एका कारीगराचा डोळा त्याने गेला होता. मी तसा झालो होतो. कधी उडेन ते मलाच माहीत नसायचं.

दहाव्याला पहिल्यांदा उडालो. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. कोणाला तरी देतात नाहीतर टाकून देतात. गोधडी त्या दिवसापासून गच्चीवर तारेवरच होती, कोणाच्या लक्षात नव्हती. कावळे बसून गेले होते तिच्यावर. माझा मेव्हणा, तिचाच भाऊ, ती गुंडाळून जिन्यावरून खाली निघाला. मी समोर उभा राहिलो.

"ठेव ती."

"दाजी, असं करत नाहीत. तिचा जीव अडकेल त्यात."

"अडकू दे. ठेव."

तो माझ्या बाजूने निघून जायला लागला. मी त्याचा हात धरला आणि पिळला. त्याच्या मनगटात काहीतरी सरकलं ते मला बोटांना कळलं. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं, ओरडत असणार. गोधडी खाली पडली. मी ती उचलली आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. बाहेर सगळे दार ठोकत होते. ते ठोके मला पायात येत होते आणि मी आतून शिव्या देत होतो. मेव्हणा प्लास्टर घालून गावी गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

मुलगा मला भेस्तानला त्याच्या घरी घेऊन गेला. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. फ्लॅट चांगला आहे. सून वाईट नाही. मला हॉलमधल्या सोफ्यावर झोपवायचे आणि टीव्ही लावून द्यायचे. पण त्या घरात सगळे हळू बोलतात आणि मांजरासारखे चालतात. फरशी गुळगुळीत. दिवसभर मला पायात काहीच यायचं नाही. जिवंत पुरल्यासारखं वाटायचं. एक दिवस मुलगा काहीतरी बोलला. मी त्याचे ओठ बघितले. तो म्हणत होता, "आबा, ती खोली सोडून देऊ आता."

समोर काचेचं टेबल होतं. मी मूठ मारली. काच फुटली, हात फाटला, सुनेने किंकाळी फोडली असेल. रक्त गालिच्यावर सांडलं ते अजून निघालेलं नाही, असं ती सांगते. हाताला पट्टी बांधून झाल्यावर मी म्हणालो, मी खोलीवर चाललो.

मुलगा रिक्षापर्यंत आला. तिथे उभं राहून, मला ओठ नीट दिसतील असं तोंड समोर धरून तो म्हणाला, "राहा एकटे. पण तिकडून एक जरी तक्रार आली, तर मी टेम्पो आणून सामान उचलेन. मग भांडायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"आईची शपथ?"

मी त्याच्या थोबाडीत मारणार होतो. मारली नाही. शपथ घेतली.

तर मला त्या खोलीत राहायचं होतं. दुसरं काही नको होतं. आणि माझेच हात मला तिथून बाहेर काढायला बसले होते.

एकटं राहणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवलं नव्हतं. कुकर लावायला शिकलो, पण शिट्टी ऐकू येत नाही. मग ओट्यावर तळहात ठेवून उभा राहायचो, शिट्टी झाली की ओटा थरथरतो. एकदा तसा उभा असताना मला वाटलं ती मागे आहे. वळलो, बघत राहिलो. डाळ जळून कोळसा झाली. मी कुकर उचलला आणि भिंतीवर फेकला. भिंतीचा गिलावा पडला, झाकण खाटेखाली गेलं, जळकी डाळ देवाच्या फोटोवर उडाली. मग बसलो पुसत. पुसता पुसता देवालाही चार शब्द सुनावले.

मी भिंतीला मारायचो, कारण भिंत तक्रार करत नाही. बुक्के मारायचो. खोलीच्या एका कोपऱ्यात रंग उडून विटा दिसायला लागल्या होत्या. डोकंही आपटून बघितलं. त्याने काही होत नाही, फक्त टेंगूळ येतं आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला विचारतो.

बाकीची भांडणं मी लांब जाऊन करायचो. बिल्डिंगमध्ये कोणाशी चकार शब्द नाही. मान खाली, जिना उतरायचा, आणि पार पांडेसऱ्यापर्यंत चालत जायचं. तिथे मला कोणी ओळखत नाही. चहाच्या टपरीवर एकाने माझ्या मोठ्या बोलण्याची नक्कल केली. माझ्यासारखेच हात हलवून दाखवले, सगळे हसले. मी टपरीवरची किटली उचलून त्याच्या पायाजवळ आपटली. उकळता चहा त्याच्या बुटांवर, माझ्या धोतरावर. "काका, आ शुं करो छो!", हे काय करताय, म्हणून टपरीवाला ओरडत होता, ते ओठांवरून कळलं. मला त्यांनी धक्के मारून रस्त्यावर काढलं. पाय भाजला होता. घरी येताना मला बरं वाटत होतं, हे लिहायला हरकत नाही. तिच्यानंतर कोणीतरी पहिल्यांदा मला हात लावला होता, धक्का द्यायला का होईना.

गोधडी मी पांघरत होतो. पावसाळा आला तशी तिला घाण वास यायला लागला. माझा घाम, तेल, सांडलेला चहा, भाजलेल्या पायाचं मलम. धुवायला पाहिजे होती. मुलगा दर रविवारी यायचा, नाक धरायचा.

"आबा, द्या ती. घरी मशीनमध्ये टाकतो."

"मशीनमध्ये तू तुझ्या बापाला टाक आधी."

"वास येतोय."

"तर नको येऊ."

आमच्या समोरच्या खोलीत एक बाई राहते. धुळ्याकडची, चाळिशीची. नवरा सोडून गेलेला, एकटीच असते. घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. ती एकदा दारात आली. मला ओठ दिसावेत म्हणून मान वर करून बोलली.

"बाबा, गोधडी धुवायची असली तर सांगा. दुसरं टोक मी धरीन."

मी दार एवढ्या जोरात आपटलं की कडीचे स्क्रू निघाले. दुसरं टोक म्हणे. ते टोक कोणाचं होतं ते हिला काय माहीत. तिने तक्रार केली नाही. मी कडी पुन्हा ठोकून बसवली. ठोकताना अंगठा ठेचला.

असं करत वर्ष गेलं. मी म्हणत होतो, सुटलो, कोणाची तक्रार आली नाही, आता आपण इथेच मरू. आणि पुन्हा घट जवळ आले.

सकाळ उलटून गेली होती. मी जेवून खाटेवर पडलो होतो. खाटेच्या पायातून एक ठोका आला.

सगळं अंग ताठ झालं. मी हललो नाही. वाट बघितली.

दुसरा आला.

मला माहीत होतं वर कोण नाही ते. डोक्याला माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं. मी उठलो, अनवाणी जिन्यावर, एकेक पायरी सोडून, गुडघे कुठे गेले ते बघितलं नाही. ओरडत होतो. काय ओरडत होतो ते लोकांनी नंतर सांगितलं. "उनू! उनू!" म्हणजे आलो, आलो.

गच्चीवर समोरची बाई होती. नळाजवळ, अगदी त्याच जागी बसून आपली चादर मोगरीने बडवत होती. दसरा काढत होती. दसऱ्याच्या आधी सगळ्या बायका काढतात. तिने वर बघितलं आणि हसली. तिला वाटलं मी काही मागायला आलोय.

मी तिच्या हातातून मोगरी हिसकावली आणि घातली. बादलीवर घातली, निळी बादली फुटून तिचे तुकडे टाकीपर्यंत गेले. नळावर घातली. पाइप सांध्यातून तुटला आणि पाण्याचा फवारा तोंडावर आला. मला दिसेना. मी फिरवत राहिलो. मोगरी कठड्याच्या भिंतीवर बसली, गिलाव्याचा टवका उडाला. डोळे पुसून बघितलं तर तिचं डोकं त्या खड्ड्याच्या शेजारीच होतं. एवढं एवढं अंतर. हात जरा तिकडे गेला असता तर आज मी हे लिहीत नसतो आणि ती वाचली नसती.

ती पळाली नाही. तिने ती ओली चादर दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली. ओलं कापड दगडासारखं लागतं. मी पाण्यात उताणा पडलो. तिने मोगरीवर पाय दिला आणि माझ्यावर वाकली. एरवी मला बाबा म्हणणारी बाई. तिचे ओठ मला स्वच्छ दिसत होते.

"मार! मार ना! नवऱ्याने मारून झालं, आता तू राहिलास! तुझी बाई मेली, ती काय मी मारली?"

मी तसाच पडून होतो. पाणी कानात जात होतं. ती कापत होती, आणि तरी पाय मोगरीवरून काढत नव्हती.

मग सगळी बिल्डिंग वर आली. संध्याकाळी मुलगा आला. खालच्या भाईंनी त्याला हात जोडले. "काकाने लई जाओ." काकांना घेऊन जा. त्यांचा राग नव्हता, भीती होती. ते वाईट होतं. लोक चिडले तर मला चालतं. मुलाने फुटलेला नळ बघितला, भिंतीतला खड्डा बघितला, खाली येऊन माझ्यासमोर बसला.

"बस थयुं हवे, आबा. पुरे झालं. उद्या सकाळी टेम्पो आणतो."

शपथ होती. तो गेल्यावर कोपऱ्यातल्या त्या विटांसमोर उभा राहिलो, मूठ वळली, पण मारायला काही उरलं नव्हतं. ती बाई कापत होती ते डोळ्यासमोरून जात नव्हतं. माझी बायको मला कधी अशी कापलेली माहीत नाही. मी ओरडलो की ती दुप्पट ओरडायची. मी तिला घाबरायचो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गोधडी घेतली, कोपऱ्यात वर्षभर पडलेली आमची मोगरी घेतली आणि गच्चीवर गेलो. नळाला कोणीतरी चिंधी बांधली होती. पाणी खोलीतून बादल्यांनी वर नेलं. दर फेरीला जिन्यात बसावं लागलं. गोधडी भिजवली, साबण घातला आणि बडवायला लागलो.

पहिला फटका मारला तेव्हा मला वाटलं होतं दुसरा मारवणार नाही. पण मारला. मग थांबलोच नाही. डॉक्टरला मारलं, मेव्हण्याला मारलं, टपरीवरच्या त्या माणसाला मारलं. त्या एका ठोक्याला मारलं, कूस बदलली त्या खाटेला मारलं. तिलाही मारलं, अशी न सांगता गेली म्हणून. काळं पाणी निघत होतं आणि पन्हाळातून खाली जात होतं. खांदा निखळायला आला तरी मी मारत होतो. लुगड्यांचे रंग हळूहळू वर आले. हिरवं तिच्या लग्नातलं होतं. ते दिसल्यावर हात थांबला.

बघतो तर समोरची बाई गच्चीच्या दारात उभी. हातात काल अर्धवट राहिलेली चादर. ती पुढे आली नाही. मी मोगरी खाली ठेवली, लांब सरकवली, तिला दिसेल अशी. मग उठलो.

गोधडी पिळायची होती. ती बघत होती. मी मानेनेच नको म्हणालो. रंगाच्या मिलमध्ये सुताच्या ओल्या लड्या असायच्या, त्या माणूस एकटाच पिळायचा. लडी खुंटीला अडकवायची, दुसऱ्या बाजूने आत दांडका घालायचा आणि दांडका फिरवायचा. हे मला जवानीपासून येत होतं. वर्षभर सुचलं नाही असं नाही. मला ते करायचंच नव्हतं. ते केलं की ती नाही हे मी मान्य केल्यासारखं होतं.

टाकीच्या लोखंडी खांबाभोवती मी गोधडी घातली. दोन्ही टोकं माझ्याकडे घेतली, सरकवलेली मोगरी ओढून तिला गुंडाळली आणि मोगरी फिरवली. उलटी फिरवली की सुलटी, देव जाणे. पीळ सुटला नाही. पाणी धो धो पडलं माझ्या पायांवर. खांब काही बोलला नाही. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "पिळी ऱ्हायनू, सोडी नही ऱ्हायनू." तोंडातल्या तोंडात असं मला वाटलं. बाईने चमकून बघितलं, म्हणजे मोठ्यानेच म्हटलं असणार.

गोधडी तारेवर टाकली आणि मुलगा जिन्यातून वर आला. धापा टाकत.

"आबा, टेम्पो खाली उभाय. सामान कुठाय?"

"सामान वाळतंय."

त्याने गोधडी बघितली. माझे हात बघितले. सालं निघाली होती. "पिळली कोणी?"

"मी."

"एकट्याने?"

"मग काय तुझ्या मशीनने?"

तो बाईकडे वळला. तोंड माझ्याकडे तिरपं होतं, तरी मला कळलं. "ताई, तुम्ही सांगाल तसं. तुमच्यावर हात उचललाय त्यांनी."

मी तिच्या ओठांकडे बघत होतो. आयुष्यात कोणाच्या ओठांकडे एवढं बघितलं नसेल.

"आधी नळ बसवून द्या म्हणावं. आणि माझी बादली आणा. निळी नको, ती मला आवडायची नाही. लाल आणा." मग ती माझ्याकडे वळली आणि मला दिसेल असं बोलली. "आणि परत असं झालं ना, बाबा, तर मी टेम्पोची वाट बघणार नाही. पोलिसांत जाईन."

"जा," मी म्हणालो. "जायलाच पाहिजे."

मुलाला मी पाइपचा जोड आणि बादली आणायला पिटाळलं. नळ बसवला. भिंतीतला खड्डा सिमेंट नव्हतं म्हणून राहिला. बाई आपली चादर घेऊन नळाखाली बसली, पण मोगरी हातात घेईना. माझ्याकडे बघत होती.

"बडवा," मी म्हणालो. "मी खाली आहे."

खाली येऊन खाटेवर पडलो. मुलाला म्हणालो, बस इथे, पायाशी. त्याला त्या एका ठोक्याचं सांगितलं. दोन म्हणजे या, आणि एकच आला, आणि मी कूस बदलली. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी कुजबुजत होतो. तो दोन्ही हातांनी खूण करत होता, हळू आबा, हळू. पण त्याचं तोंड वाकडं झालं होतं, आणि तो उठला नाही. सगळ्या बिल्डिंगने ऐकलं असणार. ऐकू दे.

मग वरून ठोका आला.

मी खाटेची दांडी धरली. दुसरा आला. पाय आपोआप खाली सुटले, फरशीला लागले. मी ते उचलून परत वर घेतले. तिसरा, चौथा, मग ती नीट बडवायलाच लागली आणि सगळी खाट हलायला लागली. मी दांडी सोडली नाही, आणि उठलो नाही. मुलाने माझ्या पायावर हात ठेवला होता. ठोके त्याच्या हातालाही कळत असावेत, कारण दर ठोक्याला तो माझ्याकडे बघत होता.

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला असावा. मुलगा उठून खिडकीत गेला आणि हात हलवून त्याला जा म्हणून खूण केली.